रणगाड्याखालचं गवत

१८३० साली विल्यम सायबोर्न नावाचा ब्रिटिश लेफ्टनंट वॉटर्लूच्या रणभूमीवर मुक्कामाला गेला. लढाई होऊन पंधरा वर्षं लोटली होती. तिची प्रतिकृती उभारण्याचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. त्यासाठी ला ए सँतच्या शेतवाड्यात आठ महिने राहून त्याने तिथला चढउतार मोजून काढला. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची पलटण कुठे होती, समोर शत्रू कसा उभा होता, हे त्याने विचारलं. त्याबरोबरच शेतात पीक कोणतं होतं, याचीही चौकशी केली.

ही चौकशी हौसेची नव्हती. दोनच दिवस आधी, कात्र ब्राच्या लढाईत, राईचं पीक पुरुषभर उंच होतं. फ्रेंच भालाईत घोडेस्वार अंगावर येईपर्यंत ४२ व्या हायलँडर पलटणीला त्यांचा पत्ता लागला नव्हता. वॉटर्लूला तर आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता आणि दिवसभर हजारो घोडे आणि माणसं त्या ओल्या पिकातून फिरली होती. संध्याकाळी सातला तिथल्या कितीतरी शेतांत पीक आडवं झालं होतं. मॉडेलमध्ये सकाळचं उभं पीक दाखवलं असतं, तर सैनिक कितीही अचूक असले तरी लढाई चुकली असती.

१८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ते मॉडेल लोकांसाठी खुलं झालं. आज ते तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस फूट, त्यावर सेंटिमीटरभर उंचीचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक. बघणाऱ्याची नजर अर्थातच सैनिकांवर जाते. लष्करी मॉडेलं बनवण्याच्या छंदात जन्म काढलेली माणसं मात्र आधी खाली बघतात. मलाही तेच योग्य वाटतं. गणवेश पुस्तकात बघून रंगवता येतो, रणगाडा खोक्यातून येतो. कोणता महिना, कोणती वेळ, पाऊस झाला होता की धूळ उडत होती, इथून आधी कोण गेलं होतं, हे सगळं जमिनीने सांगायचं असतं.

आज लष्करी मॉडेलांत सर्वाधिक चालणारं प्रमाण १/३५ चं. जपानच्या तामिया कंपनीने १९६८ मध्ये याच प्रमाणात सैनिकांची मालिका सुरू केली आणि ते जगभर रुळलं. या मापात पावणेसहा फुटांचा सैनिक पाच सेंटिमीटरांचा होतो आणि घोट्याला लागणारं गवत दोन-तीन मिलिमीटरांचं. इतकं बारीक गवत आणायचं कुठून? पूर्वी लाकडाचा भुसा हिरवा रंगवून डिंकावर भुरभुरत. त्याने हिरवळीचा रंग यायचा, पण पातं उभं राहत नसे. रेल्वेची मॉडेलं करणारे नॉर्डिक देशांतलं दगडफूल वापरत, ते झुडपांना चालून जायचं. उभं पातं मिळालं ते विजेच्या भारामुळे.

अशा गवताला स्टॅटिक ग्रास म्हणतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे दोन, चार, सहा, बारा मिलिमीटर लांबीचे तुकडे. दागिन्यांच्या डबीतलं मखमली अस्तर किंवा मोटारीच्या खिडकीच्या खाचेतली लव ज्या फ्लॉकिंगने होते, तीच ही पद्धत. हातात मावणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी धातूची जाळी असते. आतलं सर्किट बॅटरीच्या काही व्होल्टांचे हजारो व्होल्ट करतं, विद्युतप्रवाह मात्र अगदी क्षीण. दुसरी वायर चिमट्याने एका खिळ्याला जोडून तो खिळा बेसवरच्या ओल्या फेव्हिकॉलमध्ये खुपसायचा. आता जाळी आणि डिंक यांच्यात विद्युतक्षेत्र तयार झालं. यंत्र हलवलं की तंतू जाळीतून सुटतात, क्षेत्राच्या रेषेत वळतात आणि टोकावर डिंकात घुसतात. बघता बघता सपाट पांढऱ्या थरातून दाट, उभं गवत वर येतं. मुंबईच्या पावसाळी हवेत मात्र हे काम रडतं. दमटपणाने भार निसटतो आणि तंतूंच्या गुठळ्या होतात.

नवखा माणूस इथेच थांबतो, आणि इथेच त्याचं गवत खोटं दिसतं. सगळी पाती एका उंचीची, एका रंगाची, सगळी काटकोनात ताठ. असं गवत कुठल्याच बांधावर नसतं. खाली गेल्या मोसमातलं वाळकं गवत असतं, त्यातून नवं फुटतं, मधेच जमीन उघडी पडते. म्हणून जाणता कारागीर पहिला थर दोन मिलिमीटरांचा देतो, आणि तोही वाळक्या पेंढ्याच्या रंगाचा. त्यावर पातळ डिंकाचा किंवा हेअरस्प्रेचा फवारा मारून चार-सहा मिलिमीटरांची हिरवी पाती तुरळक, ठिकठिकाणी टाकतो. ओलं असतानाच बोटाने किंवा ब्रशने ती वाऱ्याच्या दिशेला कलती करतो, मात्र सगळीकडे तीच दिशा राखतो. अधूनमधून सुतळीचे पिंजलेले धागे, नारळाच्या काथ्याचे तुकडे, झाडूची बारीक काडी. नायलॉनचं पातं बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एकसारखं जाड असतं, ताग आणि काथ्या तसे नसतात. हा ओबडधोबडपणाच डोळ्याला पटतो. पाचोळ्यासाठी युरोपातले लोक बर्च झाडाच्या तुऱ्यातले कण वापरतात, ते १/३५ मध्ये हुबेहूब मेपलच्या पानांसारखे दिसतात. आपल्याकडे चहाचा चोथा कडकडीत वाळवून घेतला तर काम भागतं. नीट वाळवला नाही तर बुरशी धरतो.

या सगळ्याच्या खाली माती. थर्माकोलच्या किंवा फोमच्या तुकड्याला उतार द्यायचा. त्यावर कागदाचा लगदा, प्लास्टर, फेव्हिकॉल आणि खरी माती यांचं घट्ट मिश्रण थापायचं. माती चहाच्या गाळणीतून चाळलेली आणि ओव्हनमध्ये तापवून घेतलेली हवी, नाहीतर तिच्यातलं काहीबाही महिन्याभराने उगवतं. वरून पाणी घातलेला डिंक सोडताना त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतात. त्याविना डिंकाचे मणी होऊन कोरड्या मातीवरून घरंगळतात.

आणि मग वजन. माझ्या मते चांगलं आणि फसलेलं ग्राउंडवर्क, म्हणजे जमिनीचं काम, इथे वेगळं होतं. पॅटन रणगाडा साधारण ४५ टनांचा. १/३५ मध्ये लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटतात, तेव्हा वजन ४२,८७५ पटींनी घटतं आणि साधारण एक किलो उरतं. प्लास्टिकचं मॉडेल त्याहूनही हलकं. पण किलोभराचं केलं तरी जमिनीवरचा दाब खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाइतकाच राहील. छोटा रणगाडा आपणहून रुतायचाच नाही. त्याला रुतवावं लागतं. मिश्रण ओलं असताना पट्टा दाबून चाकोरी उमटवायची, कडेची माती थोडी वर उचलायची, चाकोरीतलं गवत पुढच्या दिशेने मातीत निजवायचं. दोन पट्ट्यांच्या मधलं गवत मात्र उभं ठेवायचं. पोटाखाली हातभर जागा असल्याने उंच शेंडे तेवढे घासून वाकलेले असतात. हे केलं नाही की रणगाडा बेसवर तरंगतो. शेपर्ड पेन या अमेरिकन कलावंताच्या डायोरामावरच्या, म्हणजे जमिनीसकट उभारलेल्या देखाव्यांवरच्या, १९८० सालच्या पुस्तकाने ही विद्या घरोघरच्या टेबलांवर नेली. बेल्जियमच्या फ्रांस्वा वर्लिंडेनने त्याच सुमाराला पडक्या भिंती आणि ढिगारे यांना रणगाड्याच्या बरोबरीचं स्थान दिलं.

मराठी मुलांना हे काम ओळखीचं आहे. दिवाळीचा किल्ला हे लष्करी मॉडेलच, आणि त्यातली अर्धी मेहनत जमिनीची. विटा-दगडांवर गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल, त्यात पेरलेले हळीव किंवा मोहरी. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिडकावा. दिवाळी येईतो हिरवं तरारतं. प्रमाणाच्या हिशोबाने ते चूक, कारण हळिवाचं रोप मावळ्याच्या छातीला लागतं. तरी किल्ला कोंब फुटल्याशिवाय पुरा होत नाही, हे पाचवीतल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

आपल्या मॉडेलकारांनी दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या कुंपणांइतकीच मेहनत आपल्या युद्धभूमींवर घ्यावी असं मला फार वाटतं. १९६५ च्या सप्टेंबरात, ८ ते १० तारखांना, पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तरची लढाई झाली. शेतांत पाणी सोडलं होतं, पाकिस्तानचे पॅटन चिखलात अडकले, आणि भारतीय सैन्य उसाच्या आडोशाला दबा धरून बसलं होतं. त्यात दख्खन हॉर्स रेजिमेंटचे शेरमन रणगाडे होते, तसेच जीपवरच्या तोफेने पॅटन टिपणारे अब्दुल हमीदही. १० तारखेला ते धारातीर्थी पडले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. या लढाईतून ऊस काढून टाका, काय उरतं?

तो ऊस बाजारात तयार मिळेल या आशेवर राहू नये, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने तर मुळीच राहू नये. तीन मीटरांचा ऊस १/३५ मध्ये साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पॅटनच्या बुरुजाच्या उंचीला. कांडं एक मिलिमीटरही जाड नाही, खराट्याची बारीक हीर पुरते. तिच्यावर पेन्सिलीने पेरं आखायची. पान पातळ कागदाचं, सव्वा मिलिमीटर रुंद आणि तीनेक सेंटिमीटर लांब, मधोमध दुमडून शीर फिकी ठेवायची. वरचं वाढं गर्द हिरवं, खालची पानं वाळून लोंबलेली, बुडाशी पाचट. उसाच्या ओळी दोन-सव्वादोन सेंटिमीटरांवर, आणि मधल्या सऱ्यांत गढूळ पाण्यासाठी रेझिनचा पातळ थर, खाली मातीचा रंग दिलेला. रणगाडा घुसला तिथे ऊस पुढच्या बाजूला पडलेला, मोडलेल्या टोकांचा आतला रंग पांढरट, कारण मोड ताजी आहे. पट्टे आणि चाकं यांच्या फटींत पाचट अडकलेलं. आणि शेंड्याला तुरा लावायचा नाही, कितीही देखणा दिसला तरी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उसाला तुरा आलेला नसतो.