विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, घरातल्या जुन्या लॅपटॉपचे आता काय करायचे?

सातपूर-अंबडमधील लहान कारखान्याचे जीएसटी विवरणपत्र, मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज, द्राक्ष बागायतदाराची निर्यातीची कागदपत्रे आणि निवृत्त आजोबांचा पेन्शनचा हिशेब. नाशिक शहर आणि जिल्ह्यात अशी कितीतरी कामे सहा-आठ वर्षे जुन्या लॅपटॉपवर चालतात. लॅपटॉप सुरू होतो, काम होते, म्हणून तो बदलण्याचा विचार कोणी करत नाही. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि पडद्यावर दिसणाऱ्या एका संदेशाने अनेकांना दुकानाची वाट धरावी लागली. ‘तुमचा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ असे तो संदेश सांगतो. मग नवा लॅपटॉप घ्यायलाच हवा का? की जुन्यावर भागते? आणि घाईत केलेल्या अपडेटमध्ये आयुष्यभराचे फोटो आणि कागदपत्रे जाणार तर नाहीत?

आधार संपला म्हणजे नेमके काय झाले?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. दहा वर्षांहून अधिक काळ तिला दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत होत्या. प्रणालीत एखादी फट सापडली की कंपनी ती बुजवणारा ‘पॅच’ पाठवते, त्यालाच बोलीभाषेत अपडेट म्हणतात. आता हे पॅच नियमितपणे येणार नाहीत. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडेल असा नाही. तो आधीसारखाच सुरू होईल, फाइल उघडतील, इंटरनेटही चालेल. पण यापुढे सापडणारी प्रत्येक नवी फट उघडीच राहील.

ही भीती कागदावरची नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील फाइल कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला, तिच्यासाठीचा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला तो मिळतच नव्हता, ते संगणक सापडले. अँटिव्हायरस आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अँटिव्हायरस चोराला ओळखतो, तुटलेली कडी मात्र बसवत नाही.

विंडोज १० सोबतच ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही आधार त्याच दिवशी संपला, हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही.

विंडोज ११ प्रत्येक लॅपटॉपवर का चालत नाही?

रॅम वाढवली की विंडोज ११ चालेल, हा सर्वात मोठा गैरसमज आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि एवढे बहुतेक लॅपटॉपमध्ये असते. अडते ते दुसऱ्याच तीन गोष्टींवर : प्रोसेसरची पिढी, ‘टीपीएम २.०’ आणि ‘सिक्युअर बूट’.

टीपीएम ही पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी व्यवस्था आहे. ती स्वतंत्र चिपमध्ये किंवा प्रोसेसरमध्येच असते. सिक्युअर बूट म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी खात्रीची प्रणालीच उघडेल, याची तपासणी. प्रोसेसरबाबत सर्वसाधारण नियम असा, की इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर हवा. एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेतील काही आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. त्यामुळे एएमडी असल्यास नेमका नमुना मायक्रोसॉफ्टच्या यादीत पाहिलेला बरा.

पिढी ओळखणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. ‘आय५-७२००यू’ असे असेल तर रेघेनंतरचा पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी आणि लॅपटॉप अपात्र. ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठवी पिढी, म्हणजे पात्र. ‘आय५-१०२१०यू’सारखा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे घ्यायचे, म्हणजे दहावी पिढी. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेला लॅपटॉप बहुधा अपात्र ठरतो.

‘अपात्र’ हा संदेश नेहमीच अंतिम असतो का?

नाही, आणि पैसे वाचतात ते इथेच. प्रोसेसर आठव्या पिढीचा असूनही अपात्र असा संदेश येत असेल, तर अनेकदा टीपीएम किंवा सिक्युअर बूट लॅपटॉपमध्ये असते, फक्त बंद असते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅप नेमके कशावर अडले ते सांगते. टीपीएमची आवृत्ती विंडोज सिक्युरिटीमधील डिव्हाइस सिक्युरिटी या भागातही दिसते.

बंद असलेली सोय बायोसमध्ये जाऊन सुरू करता येते. इंटेलच्या लॅपटॉपवर तिचे नाव ‘पीटीटी’, तर एएमडीवर ‘एफटीपीएम’ असे असते. सिक्युअर बूटसाठी लॅपटॉप ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू होत असला पाहिजे. तो जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवर असेल तर डिस्कची मांडणी बदलावी लागते. हे काम जाणकाराकडून आणि फाइलची प्रत काढल्यानंतरच करून घ्यावे.

एक धोका इथे आवर्जून सांगायला हवा. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क ‘बिटलॉकर’ने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. बायोसमध्ये बदल केल्यावर लॅपटॉप ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती नसेल तर आतल्या फाइल कोणत्याही दुकानदाराला काढून देता येत नाहीत. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसला हात लावण्यापूर्वी ती शोधून कागदावर लिहून ठेवावी. दुकानात लॅपटॉप देतानाही हाच नियम पाळावा.

लॅपटॉप पात्र असेल तर काय करावे?

पहिले काम अपडेटचे नाही, प्रत काढण्याचे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे. टॅली वापरणाऱ्यांनी टॅलीचा बॅकअप वेगळा घ्यावा. ब्राउझरमधले पासवर्ड गुगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेले आहेत का, हे पाहावे.

दुसरे, जोडलेल्या उपकरणांची यादी करावी. जुना प्रिंटर, स्कॅनर, ई-निविदा आणि जीएसटीसाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, सेवा केंद्रातील अंगठ्याचे यंत्र. यांचे विंडोज ११ साठीचे ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावर आहेत का, हे आधीच तपासावे. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री प्रणाली बदलणे टाळावे.

तिसरे, मूळ विंडोज १० अधिकृत आणि सक्रिय असेल तर विंडोज ११ साठी पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’मधून ते घेता येते. डाउनलोड काही जीबींचे असते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटपेक्षा वायफाय बरे. चार्जर लावून ठेवावा आणि काम मध्येच थांबवू नये. या पद्धतीत फाइल आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. नवी प्रणाली पटली नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधील रिकव्हरी या भागातून विंडोज १० वर परतता येते. त्यानंतर जुन्या प्रणालीच्या फाइल पुसल्या जातात.

मराठी टायपिंगचे काय होते?

युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही प्रणालीवर वाचता येतो. विंडोज ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक आहेत. अडचण येते ती जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या मजकुराची. लग्नपत्रिका, अहवाल, संस्थेची इतिवृत्ते अशा फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून सॉफ्टवेअरचा परवाना, त्याचे टोकन आणि फॉन्ट जपून ठेवावेत. महत्त्वाच्या मजकुराची एक पीडीएफ प्रत आणि शक्य तर युनिकोड रूपांतर आधीच करून घ्यावे.

लॅपटॉप अपात्रच असेल तर पर्याय कोणते?

पहिला पर्याय वेळ विकत घेण्याचा. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देणारी ‘ईएसयू’ योजना ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. संगणकाची सेटिंग्ज या खात्याशी जोडली तर नोंदणी मोफत होते. अन्यथा १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर इतकी एकदाच भरायची रक्कम, असे मार्ग आहेत. सशुल्क नोंदणी एकाच खात्यावरील दहा संगणकांपर्यंत चालते. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो. या योजनेत नव्या सोयी किंवा तांत्रिक मदत मिळत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. निर्णय काही काळ पुढे ढकलायचा असेल तर हा सर्वात स्वस्त मार्ग आहे.

दुसरा पर्याय लिनक्सचा. ‘लिनक्स मिंट २२’ ही मोफत प्रणाली २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे आणि ४ जीबी रॅमच्या ६४ बिट लॅपटॉपवर चालते. पेन ड्राइव्हवरून ती न बसवताही चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर नीट चालतात का, हे त्यात कळते. ब्राउझर, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग, लिब्रेऑफिसमधील मराठी लेखन यासाठी ती पुरेशी आहे. मात्र टॅली, श्रीलिपी आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने विंडोजसाठी बनलेली आहेत. तेव्हा अभ्यासासाठीच्या लॅपटॉपला लिनक्स योग्य, दुकानाच्या हिशेबाच्या लॅपटॉपला बहुधा नाही. फक्त ब्राउझरवर काम भागत असेल तर गुगलची मोफत ‘क्रोमओएस फ्लेक्स’ ही प्रणालीही आहे. तिच्यावर मोबाइलची अ‍ॅप चालत नाहीत, हे लक्षात घ्यावे. नवी प्रणाली कायमची बसवताना डिस्क पुसली जाते, म्हणून इथेही आधी प्रत काढणे आलेच.

एसएसडी बसवून लॅपटॉप नवा होतो का?

वेगाच्या बाबतीत, बऱ्याच अंशी होय. जुन्या लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की सुरू व्हायला लागणारी काही मिनिटे काही सेकंदांवर येतात. रॅम ४ वरून ८ जीबी केली तर ब्राउझर अडखळत नाही. दोन्हींचा खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत थोडा असतो. पण यामुळे सातव्या पिढीचा प्रोसेसर आठव्या पिढीचा होत नाही. ‘एसएसडी टाका, विंडोज ११ आपोआप चालेल’ असे कोणी सांगत असेल तर आधी प्रोसेसरचा क्रमांक पाहावा.

‘करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा का?

तपासणी चुकवून अपात्र लॅपटॉपवर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. पण अशा संगणकाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या अपडेटसाठी हा खटाटोप, तेच उद्या थांबू शकतात. ‘क्रॅक’ केलेली विंडोज हा त्याहून वाईट मार्ग. परवान्याची तपासणी निकामी करणारी साधने अनेकदा अँटिव्हायरस बंद करायला लावतात. त्याच लॅपटॉपवर नंतर बँकेचा पासवर्ड टाकला जातो.

दुकानात लॅपटॉप देताना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या फाइल ठेवून अपडेट करणार की डिस्क पुसून? विंडोज माझ्याच परवान्याची असेल का? काढलेली जुनी हार्ड डिस्क मला परत मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच हवे. त्या डिस्कवर आधार, पॅन आणि पासबुकच्या प्रती असतात.

जुना लॅपटॉप टाकायचाच असेल तर?

वापरण्याजोगा असेल तर डिस्क पुसून, लिनक्स बसवून तो शिकणाऱ्या एखाद्या मुलाला देता येतो. पूर्ण निकामी असेल तर घंटागाडीतल्या कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये. बॅटरीतील लिथियमने आग लागू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे किंवा उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेकडे जायला हवा.

थोडक्यात क्रम असा : आज फाइलची प्रत, उद्या प्रोसेसरचा क्रमांक, मग निर्णय. आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज ११. त्याआधीची असेल आणि विंडोजशिवाय काम अडत असेल तर ईएसयूची नोंदणी करून नव्या लॅपटॉपसाठी सवडीने पैसे बाजूला टाकावेत. विंडोजशिवाय भागत असेल तर एसएसडी आणि लिनक्स. यातले काहीच न करता त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार सुरू ठेवणे, हा एकच पर्याय टाळण्यासारखा आहे.