चिठ्ठीवरील अक्षरे आणि घरातील औषधवेळा

व्यापारी घरात ‘ओडी’ म्हटले की बँकेचा ओव्हरड्राफ्ट आणि ‘टीडीएस’ म्हटले की करकपात आठवते. त्याच घरातील कन्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली की हीच अक्षरे तिच्या वहीत निराळ्या अर्थाने उतरतात. तेथे ओडी म्हणजे औषध दिवसातून एकदा आणि टीडीएस म्हणजे तीनदा.

१९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशा शाखांची राज्यभरातील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. शाखा कोणतीही असो, विद्यार्थ्याला ही संक्षिप्त भाषा प्रारंभीच आत्मसात करावी लागते.

यातील बहुतेक अक्षरे लॅटिन शब्दांची आहेत. चिठ्ठीच्या आरंभी येणारे ‘आरएक्स’ हे चिन्ह ‘घ्या’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर आणि स्टॅट म्हणजे तत्काळ. एसओएस ही येथे संकटाची हाक नसून ‘गरज भासल्यास’ एवढाच तिचा अर्थ आहे. औषधाची वेळ थोडक्यात सांगण्याची ही पद्धत केवळ पाश्चात्त्य नाही. सुश्रुतसंहितेत औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. त्यांतील ‘प्राग्भक्त’ म्हणजे भोजनापूर्वी आणि ‘अधोभक्त’ म्हणजे भोजनानंतर. ‘भक्त’ याचा अर्थ येथे अन्न असा आहे.

संक्षेपाने वेळ वाचतो, पण अर्थ निसटण्याची भीतीही राहते. डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’साठी लिहिलेले इंग्रजी ‘यू’ अक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० युनिटचे १०० होतात. १.० मधील टिंब पुसट झाले तर १० वाचले जाते. अशाच कारणांनी अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये काही संक्षेप न वापरण्याची यादी लागू केली. आपल्याकडेही भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम केला.

जैन कुटुंबांत या अक्षरांचा संबंध थेट व्रतनियमांशी येतो. चौविहार पाळणाऱ्या आजींच्या चिठ्ठीवर ‘एचएस’ असेल तर सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेता गोळी घ्यायची कशी, हा प्रश्न उभा राहतो. ‘टीडीएस’च्या तीन मात्रा नवकारशी ते सूर्यास्त एवढ्या वेळेत बसवल्या तर दोन मात्रांमधील अंतर कमी होते. मधुमेहाची ‘एसी’ गोळी उपवासाच्या दिवशी सवयीने घेतली आणि जेवण झालेच नाही, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ‘एनबीएम’ या सूचनेचा अर्थ तोंडावाटे काहीही नाही. तिविहार उपवासात उकळलेले पाणी चालते, म्हणून येथेही ते चालेल असे गृहीत धरू नये. पाणी केव्हापासून बंद, ते डॉक्टरांनाच विचारावे. काही औषधांची वेळ किंवा प्रकार डॉक्टर बदलून देऊ शकतात, काहींचा नाही. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वीच त्यांना आपला नियम सांगावा. मात्रा गाळणे किंवा एकदम दोन गोळ्या घेणे, हा निर्णय घरच्या घरी करू नये.

चेक लिहिताना व्यापारी रक्कम अंकांत आणि अक्षरांतही लिहितो, कारण एका शून्याची किंमत तो जाणतो. औषधालाही हीच दक्षता लागू करावी. चिठ्ठी हाती येताच कोणती गोळी, किती, केव्हा आणि किती दिवस, हे डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून घ्यावे. ‘एसओएस’ गोळी दिवसात जास्तीत जास्त किती वेळा चालते, तेही विचारावे. घरात आरोग्यशाखेचा विद्यार्थी असेल तर पाकिटांवरचे हे लेखन त्याच्याकडे सोपवावे. मात्र एखादे अक्षर त्यालाही नीट लागले नाही, तर अंदाज न करता दवाखान्यात फोन करावा.