उरलेल्या सुताची भेट

यंदा अधिक ज्येष्ठामुळे राखी पौर्णिमा २८ ऑगस्टपर्यंत लांबली असली, तरी बाजारातील आरास नेहमीप्रमाणे आधीच लागली आहे आणि 'हँडमेड' ही पाटी तिच्यात ठळकपणे मिरवते आहे. हस्तकलेच्या वस्तूंवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यानंतरची ही पहिलीच राखी पौर्णिमा असल्याने हाताने केलेली शुभेच्छापत्रे आणि घरगुती भेटवस्तू यांना आता बरे दिवस येणार, असा सूर ऐकू येतो. या सुरात राखीचा उल्लेख करणे तर गैरलागूच आहे, कारण मौल्यवान धातू-रत्ने नसलेल्या राख्या जुलै २०१८ पासून करमुक्त आहेत. बाकीच्या वस्तूंबाबतही हुरळून जाण्याचे कारण नाही. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर त्याला बहुधा या कराची नोंदणीच करावी लागत नाही, आणि नातीने आजीसाठी केलेल्या कार्डाचे बिल तर कोणीच फाडत नाही.

करसवलतीपेक्षा त्या करासाठी केलेली व्याख्या अधिक उद्बोधक आहे. प्रामुख्याने हाताने घडवलेली, काही अवजारे किंवा यंत्रे वापरली असली तरी चालेल, पण दिसायला सुशोभित, सांस्कृतिक वैशिष्ट्य जपणारी आणि तशाच उपयोगाच्या यंत्रनिर्मित वस्तूहून सहज वेगळी ओळखू येणारी वस्तू म्हणजे हस्तकला, असा २०१८ मध्ये ठरलेल्या त्या व्याख्येचा आशय आहे. वस्तू कशी दिसते हे ही व्याख्या बारकाईने पाहते. ती कोणासाठी केली आणि कशातून केली, हे प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. सोलापुरात नेमका दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ज्या शहराच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५-०६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, तेथे हाताने केलेली घरगुती भेट बाजाराला पर्याय म्हणून जन्मलेली नाही. ती कारखान्याच्या सावलीत, उरलेले सूत, उरलेले कापड आणि उरलेला वेळ यांच्या जुळणीतून उभी राहत आली आहे.

शुभेच्छापत्र या मालिकेत फार उशिरा आले. इंग्लंडमध्ये १८४० साली एक पेनीत कोठेही पत्र पोचवणारी टपाल व्यवस्था सुरू झाली, तिच्या उभारणीत वाटा असलेल्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये चित्रकार हॉर्सले यांच्याकडून नाताळचे पहिले छापील कार्ड करवून घेतले आणि उरलेल्या प्रती एक शिलिंगला विकायला ठेवल्या. म्हणजे हा प्रकार मुळातच छापखान्याचा आणि टपालखात्याचा. हाताने कार्ड करण्याची हौस त्याला मागाहून चिकटली. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, जे आजही ५० पैशांना मिळते, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने पणती काढून मामाला धाडणे हा मराठी घरांतील शुभेच्छापत्राचा सर्वांत स्वस्त अवतार ठरला. शहरी दुकानांतील चकचकीत कार्डांनी त्याला मागे सारले आणि त्या कार्डांना पुढे मोबाइलने, एवढ्यात हा इतिहास आटोपतो.

कार्डाच्या कागदाचा इतिहास मात्र असा आटोपता येत नाही, आणि सोलापूरच्या दृष्टीने तोच खरा रंजक भाग आहे. कागद झाडापासून होतो असे सर्रास मानले जाते, पण उत्तम हातकागद आजही कापडाच्या चिंध्यांपासून होतो. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही गावे हातकागदासाठी नावाजलेली होती आणि मराठी दफ्तरे तशाच घोटीव कागदावर लिहिली गेली. यंत्राच्या कागदापुढे हा व्यवसाय विझत चालला असता १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याला हात दिला, आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. शुभेच्छापत्रे, लग्नपत्रिका आणि पाकिटे यांसाठी वापरला जाणारा खरखरीत, कडांना कुरतडल्यासारखा दिसणारा जाड कागद ही त्याच परंपरेची देणगी होय.

त्याची कृती समजून घेण्यासारखी आहे. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतून येणारे सुती कात्रण आधी निवडले जाते, त्यातील बटणे, इलॅस्टिक आणि नायलॉनचा दोरा वेचून काढला जातो आणि मग त्याचे बोटभर तुकडे होतात. हे तुकडे बीटर नावाच्या लांबट गोल हौदात पडतात, ज्यात पात्यांचा जड रूळ पाण्यातून फिरत राहतो. कापड कापून भुगा करणे हा त्याचा हेतू नसतो, तर तंतू चेचून उकलणे हा असतो, कारण तंतू जितका लांब राहील तितका कागद चिवट होतो. तयार लगदा पाण्यात पसरून त्यात जाळीचा साचा बुडवतात, तो आडवा उचलताना कारागीर मनगटाला असा एक हलका हिसका देतो की उभे-आडवे तंतू एकमेकांत अडकतात, आणि पाणी निथळल्यावर जाळीवर उरलेला ओला थर कापडावर उपडा होतो. पुढे दाब, वाळवण, शाई फुटू नये म्हणून खळ आणि शेवटी घोटाई. कापसाच्या तंतूत लाकडातील लिग्निन हे द्रव्य जवळजवळ नसते, म्हणून वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो आणि चिंध्यांच्या कागदावर लिहिलेली सनद शतके टिकते. शुभेच्छापत्र जपून ठेवायचे असते, हे लक्षात घेता चिंध्यांचा कागद ही निव्वळ शोभेची निवड म्हणता येणार नाही.

टॉवेल आणि चादरींच्या शहरात अशा कात्रणाला तोटा नसावा, हे उघड आहे. एक अडचण मात्र आहे: अलीकडे सोलापूरची ओळख बनलेल्या गणवेशाच्या धंद्यातील कापड बहुतांशी पॉलिस्टर मिसळलेले असते आणि पॉलिस्टर बीटरमध्ये उकलत नाही, त्यामुळे सुती कात्रण वेगळे ठेवण्याची शिस्त लागल्याखेरीज सोलापुरी चिंधीचा सोलापुरी कागद होणे अवघड आहे. ही शिस्त लावण्यात करसवलतीचा काडीचाही उपयोग नाही.

कागदाआधी या शहरात भेट म्हणून दिला जात होता तो दोरा. बाकी महाराष्ट्र नारळी पौर्णिमेला राखी बांधतो, त्याच दिवशी सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक पद्मशाली समाज, म्हणजे पिढ्यान्पिढ्या विणकाम करणारा आणि गिरण्या-मागांवर या शहराचे वस्त्रवैभव उभे करणारा समाज, नुली पौर्णिमा पाळतो. तेलुगूत नूलु म्हणजे सूत. या दिवशी नवे जानवे धारण केले जाते, मनगटाला सुती दोरा बांधला जातो आणि कुलपुरुष मानलेल्या मार्कंडेय महामुनींचा रथ शहरातून निघतो. मार्कंडेयांच्या यज्ञातून प्रकटलेल्या भावनाऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी पहिले वस्त्र विणले, अशी या समाजाची कथा आहे. मिरवणुकीत गाडीवर चक्क हातमाग मांडलेला असतो, रस्ता सरकत असताना त्यावर कापड विणले जाते आणि ते वस्त्र मार्कंडेयांना अर्पण होते. देणाऱ्याने घेणाऱ्यासाठी, सर्वांच्या देखत, त्याच दिवशी केलेली भेट याहून चोख कोठे सापडेल? वर्षभर यंत्रमागावर राबणारा समाज देवाला मात्र हातमागावरचे कापड देतो, ही गोष्ट हस्तकलेवरच्या कोणत्याही परिसंवादापेक्षा बोलकी आहे.

घरी राखी करण्याची जुनी पद्धतही दोऱ्याचीच आहे. रेशमी म्हणून विकली जाणारी, पण बहुधा रेयॉनची असलेली लड चार बोटांभोवती गुंडाळायची, मधोमध करकचून गाठ मारायची, दोन्हीकडचे वेढे कापायचे आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धागे घासत राहायचे, म्हणजे पीळ सुटून गोंडा फुलतो. मग कात्रीने त्याला गोल आकार द्यायचा आणि वर टिकली किंवा जरीचा तुकडा चिकटवायचा. मागावरच्या सुती धाग्याचा गोंडा इतका भरदार फुलत नाही, कारण त्याचा पीळ घट्ट असतो. सुताची जाडी नंबराने सांगतात: एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा नंबर, म्हणून नंबर कमी तितके सूत जाड. टॉवेल-चादरीला लागणारे जाडसर, दुपदरी सूत उलट्या दिशेने पिळून आधी मोकळे केले तर ब्रशला दाद देते, आणि त्याचा पक्का रंग घामाने भावाच्या बाहीवर उतरत नाही, जो दोष स्वस्त रेशमी गोंड्यात हमखास आढळतो.

दोऱ्याच्या पुढची पायरी कापडाची. बाळंतिणीच्या घरी जाणारी वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेली गोधडी, आणि बारशाची कुंची, म्हणजे डोके व पाठ झाकणारे बाळाचे टोपडे, या दोन वस्तूंना घरगुती भेटवस्तूंत तोड नाही. तान्ह्या बाळासाठी जुनेच कापड घेण्याच्या चालीला व्यावहारिक आधार आहे: नव्या कापडातील खळ आणि खरखर शेकडो धुण्यांनी गेलेली असते. आजीचे इरकली लुगडे आतल्या थरात गेले की नातवाला त्याची ऊब मिळते, आणि दुकानातील वाकळीला, ती कितीही सुबक असली तरी, हे जमत नाही, कारण तिच्या पोटात कोणाचे लुगडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

उरलेल्या सुताची आणि कापडाची गोष्ट अशी जुळते. उरलेल्या वेळेची जुळत नाही, आणि कौतुकाचे लेख येथे सोयीस्करपणे गप्प बसतात. पूर्व भागातील असंख्य स्त्रिया विड्या वळतात, त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, आणि पाने कापण्यापासून बंडल बांधण्यापर्यंतच्या कामात घरच्या मुलींचाही हात लागत आला आहे. ज्या बोटांचा दिवस तुकड्यावर मोजला जातो, त्यांनी सवड काढून वाकळ शिवली तर त्या भेटीची किंमत बुडालेल्या मजुरीइतकी आहे. हाताने केलेली भेट स्वस्त पडते हा समज ज्यांच्या वेळेला बाजारभाव नाही त्यांचा आहे.

फुरसत असलेल्या घरांत वेगळाच प्रकार दिसतो. आधीच कापलेले कागद, चिकट मणी, गोंद आणि पायरीपायरीने सूचना असलेले साहित्यसंच मिळू लागले आहेत, आणि त्यातून तयार होणारे कार्ड खोक्यावरील चित्रासारखे झाले की ते साधले असे मानले जाते. ज्या वस्तूचे यश दुसऱ्या वस्तूशी तंतोतंत जुळण्यात मोजायचे, ती करायला यंत्र अधिक लायक आहे, हे म्हणणे कठोर वाटले तरी टाळता येत नाही.

शाळांनी हा मार्ग धरणे अधिक खटकते. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेल्या नई तालीमने उत्पादक हस्तव्यवसायालाच शिक्षणाचा कणा मानले, कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्यालाच कार्यानुभव म्हणून शालेय वेळापत्रकात जागा सुचवली, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य असे भारदस्त नाव दिले, आणि एवढ्या सगळ्यातून प्रत्यक्ष वर्गात उरले ते घोटीव कागदाचे भेटकार्ड व आइस्क्रीमच्या काड्यांचे घर. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची शिफारस केली आहे आणि राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवार हा उपक्रम आला आहे. सोलापुरात या शनिवारांसाठी साहित्य विकत घ्यावे लागू नये. बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपताना मागावर उरणारे धागे आहेत. जकार्डची जुनी कार्डे आहेत, म्हणजे चादरीवरची नक्षी ठरवणारे भोकांचे जाड पुठ्ठे, जे इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यापासून अडगळ ठरले आणि ज्यांच्या भोकांतून सूत ओवून नक्षी काढता येते. तुटलेला धागा चुटकीसरशी जोडणारी विणकरांची गाठ शिकवायला वर्गातील कित्येक मुलांचे आईवडीलच पुरेसे आहेत. त्यांना शनिवारी बोलावताना बुडालेल्या पाळीचा रोज द्यावा लागेल, आणि तेवढे पैसे साहित्यसंचाच्या बिलातून निघण्यासारखे आहेत.