गच्चीवरील वाळवण आणि शुष्कनाचे गणित

चैत्र-वैशाखात डोंबिवलीच्या गच्च्यांवर बटाट्याचे काप, पापड, कुरडया पसरलेल्या दिसतात. पदार्थ वाळला की नाही हे गृहिणी तो मोडून ठरविते. तो केव्हा वाळेल हे आधी सांगणे हा अभ्यासकाचा प्रश्न होय. त्याची भौतिक उपपत्ती येथे थोडक्यात मांडावयाची आहे.

पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेतो बाष्पीभवनाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. पुढे आतील पाणी पृष्ठभागापर्यंत किती त्वरेने येते यावर सारे अवलंबून राहते व वेग उतरू लागतो. १९२१ मध्ये ल्युइस यांनी या टप्प्याचे सोपे प्रतिमान सुचविले : शुष्कनाचा वेग हा पदार्थातील ओलावा आणि समतोल ओलावा यांतील अंतराच्या प्रमाणात असतो. पेज यांनी १९४९ मध्ये त्यात कालास घातांक जोडून ते प्रयोगाशी अधिक जुळविले. फिक यांच्या विसरण-नियमावरून (१८५५) आणखी एक निष्कर्ष निघतो : लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे काप दुप्पट जाड झाला तर काळ चौपट. प्लॅस्टिकवर पसरलेल्या कापाची एक बाजू बंद राहते. सबब तो दुप्पट जाडीच्या कापाप्रमाणे वागतो. जाळीवर हा दोष उरत नाही.

तथापि खरी अडचण समतोल ओलाव्याची आहे. डोंबिवली उल्हास खाडीच्या काठी असल्याने येथील हवा दमट. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असलेल्या हवेत, तिच्याच तापमानास, पदार्थ कितीही काळ ठेवला तरी त्याची जलक्रियता ०.७ च्या खाली उतरत नाही. बुरशीची भीती पूर्णपणे टळण्यास ती ०.६ च्या खाली हवी. उपाय उष्णतेचा. ३२ अंश सेल्सियसची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापविल्यास, बाष्प तेवढेच राहूनही, तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३२ टक्क्यांवर येते. उन्हाने तापलेली गच्ची हेच कार्य करते. रात्री ते उलटते व पदार्थ ओलावा परत शोषतो. सायंकाळी वाळवण घरात नेण्याची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे.

यावरून अभ्यासकाने एक सावधगिरी घ्यावी. प्रयोगशाळेत स्थिर तापमानास काढलेला शुष्कन-स्थिरांक गच्चीवर जसाच्या तसा लावू नये. तेथे तो स्थिरांक व समतोल ओलावा ही दोन्ही प्रहराप्रहराला बदलतात. म्हणून गच्चीवरील तापमान, आर्द्रता व पदार्थाचे वजन यांची ताशी नोंद ठेवून गणित टप्प्याटप्प्याने करावे. येथील चूक कागदावर लहान भासली, तरी पावसाळ्यात डब्याचे झाकण उघडताच ती दिसून येते.