लाख किल्ल्यांचा हिशेब

लायनस येल धाकटे यांनी 1861 आणि 1865 मध्ये पेटंट घेतलेले पिनांचे कुलूप आज जगभरच्या दारांवर आहे. आपल्याकडच्या फ्लॅटच्या नाइट लॅचमध्येही बहुधा तीच रचना असते. फिरणारा गाभा आणि त्याभोवतीचे कवच यांत समोरासमोर भोके असतात. प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची पिन आणि तिच्यावर स्प्रिंगचा दाब. योग्य किल्लीच्या खाचा प्रत्येक पिन अशी उचलतात की दोन तुकड्यांमधली फट गाभा आणि कवच यांच्या सांध्यावर नेमकी येते, आणि गाभा फिरतो. पाच पिना आणि प्रत्येकीच्या दहा उंच्या धरल्या तर 1,00,000 वेगवेगळ्या किल्ल्या होतात. सुरक्षिततेचा दाखला म्हणून असेच आकडे वर्षानुवर्षे पुढे केले गेले. पण दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला तर ताकद या आकड्यात नव्हती, असेच दिसते. कुलूप आपले गुपित एकेक तुकडा करून सांगते की एकदमच, यावर ती ठरत आली.

याची पहिली साक्ष येलच्या पेटंटआधीची आहे. लंडनच्या पिकॅडिलीत कुलपे बनवणाऱ्या ब्रामा यांच्या दुकानाच्या काचेत 1790 पासून एक कुलूप मांडलेले होते आणि ते उघडणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस होते. पिनांऐवजी सरकत्या पट्ट्यांच्या या कुलपाचे संभाव्य मेळ कोट्यवधींच्या घरात जात. अमेरिकेतून आलेल्या ए. सी. हॉब्ज यांनी ते 1851 मध्ये 16 दिवसांत विभागलेल्या सुमारे 51 तासांत उघडले. त्यांनी कोट्यवधी मेळ तपासले नाहीत. एकेक पट्टी चाचपली. येलच्या कुलपातही हीच कमजोरी राहिली. कारखान्यात पाडलेली भोके कधीच अगदी एका रेषेत नसतात. गाभा किंचित वळवून धरला की सगळ्या पिना सारख्या अडत नाहीत. एक आधी अडते. ती योग्य उंचीवर गेली की गाभा केसभर सरकतो आणि पुढची अडते. म्हणजे लाखाचा गुणाकार नाहीसा होऊन पाच पिनांच्या दहा-दहा उंच्यांची बेरीज उरते: फार तर पन्नास प्रश्न.

पहिली डागडुजी पिनांच्या आकारात झाली. रिळासारखी मधे बारीक असलेली पिन अर्ध्या वाटेवर अडकून योग्य उंची गाठल्याचा खोटा इशारा देते. खरी झेप मात्र व्हर्जिनियात 1968 मध्ये सुरू झालेल्या मेडेको कंपनीच्या कुलपाने घेतली. त्याच्या किल्लीवर खाचा तिरप्या कापलेल्या असतात. त्यामुळे पिन उचलली जातेच, शिवाय ठरावीक कोनात वळतेही. सगळ्या पिना बरोबर वळल्या तरच बाजूची एक पट्टी आत सरकून गाभा मोकळा करते. सहा पिना आणि सहा उंच्या एवढेच मोजले तर 46,656 मेळ होतात, म्हणजे साध्या कुलपाच्या लाखापेक्षाही कमी. तीन कोन धरले तर आकडा 3,40,12,224 वर जातो. पण मोठेपण या कोटींचे नव्हते. एका अडथळ्याची चाहूल दुसऱ्यात मिसळत होती आणि दोन्ही एकाच वेळी पार करावे लागत होते. 1973 मध्ये इस्रायलात स्थापन झालेल्या मल-टी-लॉकने पिनेच्या आत पिन बसवून वेगळ्या वाटेने तेच साधले.

एकविसाव्या शतकाने या दाव्यांची कसून परीक्षा घेतली. 2003 मध्ये सुरक्षा-संशोधक मॅट ब्लेझ यांनी एका लेखात मास्टर किल्लीच्या, म्हणजे एकाच किल्लीने सगळ्या खोल्या उघडण्याच्या, व्यवस्थेतले वैगुण्य मांडले. इमारतीतल्या एका साध्या खोलीचे कुलूप आणि किल्ली हाताशी असेल, तर एका वेळी एकच खाच बदलून पाहत मास्टर किल्ली शोधता येते. पाच पिना आणि दहा उंच्यांसाठी फार तर 45 प्रयोग पुरतात. पुन्हा तीच बेरीज. त्यानंतर दोन-तीन वर्षांत नेदरलँड्समधल्या हौशी अभ्यासकांनी, खास कापलेल्या किल्लीवर टोला मारून सगळ्या पिना क्षणभर एकदम उडवण्याची जुनी युक्ती लोकांसमोर आणली. तिथे मेळांच्या संख्येला काही अर्थच उरत नाही. कुलपांचे अभ्यासक मार्क वेबर टोबायस आणि टोबायस ब्लुझमानिस यांनी 2008 च्या पुस्तकात थेट मेडेकोकडे मोर्चा वळवला: मोजक्या खास किल्ल्यांनी पिनांचे कोन आधीच जुळवले तर उंचीचा प्रश्न सुटा करून हाताळता येतो. एकत्र गुंफलेले अडथळे वेगळे झाले की महागडे कुलूपही साध्याच्या पंक्तीला येते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: चोर कुठे एवढी कारागिरी करतो? तो कोयंडा उचकटतो, खिडकी फोडतो. बहुतांश घरफोड्यांपुरते हे खरेच आहे, म्हणूनच अमेरिकेतले यूएल 437 हे मानक छिद्र पाडण्याला होणारा प्रतिकारही तपासते. पण खुणा न ठेवता उघडलेले दार हे वेगळेच संकट असते: चोरी उशिरा कळते, विमा कंपनीला पटवणे कठीण जाते, आणि मास्टर किल्ली कुणाच्या हाती लागली तर एक खोली नव्हे, अख्खी इमारत उघडी पडते. दुसरा आक्षेप असा की हे दोष जाहीर करणे म्हणजे चोरांची शिकवणी. हॉब्ज यांच्या काळातही हा वाद झडला होता. पण ब्रामांच्या बक्षिसामुळे निदान उघडण्याचा प्रयत्न तरी जाहीरपणे झाला, आणि ब्लेझ यांचा लेख वाचूनच एखाद्या इमारतीचा व्यवस्थापक मास्टर किल्लीची जोखीम तोलू शकतो. गुप्तता पाळली असती तर अंधारात राहिला असता तो गिऱ्हाईकच.

म्हणून कुलूप घेताना किती लाख किल्ल्या शक्य आहेत हे विचारण्यात फारसे हशील नाही. यूएल 437 सुद्धा मेळ मोजून थांबत नाही. हत्यारे चालवून कुलूप किती मिनिटे टिकते ते पाहते. त्याच्याच जोडीला विचारायला हवे की एक अडथळा पार करणाऱ्याला दुसऱ्याचा सुगावा लागतो का, आणि किल्लीची नक्कल कोण काढू शकते. यांची उत्तरे विक्रेत्याकडे नसतील, तर वेष्टनावरच्या कोटींच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.