डबाबंद द्रव अन्नातील उष्णता संक्रमण : सर्वांत थंड जागा कोठे असते?

भाज्यांच्या पातळ सूपचा एक सीलबंद डबा घ्या. पीएच ४.६ च्या वर असलेल्या अशा अन्नात, जिथे हवा नाही तिथे, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू रुजू शकतात, आणि त्याचे विष प्राणघातक असते. म्हणून डबे रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. या तापमानाला बीजाणूंची संख्या एक-दशांशावर यायला सुमारे ०.२१ मिनिटे लागतात. अशा १२ घटी हव्यात, म्हणजे जवळपास २.५ मिनिटे. एवढीच? हो, पण ती डब्यातल्या सर्वांत थंड जागेला मिळायला हवीत. तापमान १० अंशांनी कमी असेल, तर हाच वेळ दहापट होतो.

आता आपला डबा ८ सेंमी व्यासाचा आणि ११ सेंमी उंचीचा धरू. पत्रा पातळ आहे, आणि पत्र्यावर वाफेचे पाणी होताना उष्णता फार वेगाने मिळते. त्यामुळे पत्र्याचे तापमान वाफेइतकेच मानले तरी चालते.

पहिले प्रतिमान सर्वांत सोपे : द्रव पूर्ण ढवळलेला आहे, सगळीकडे तापमान एकच. उष्णता संक्रमण गुणांक ३०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला, तर वाफ आणि द्रव यांच्या तापमानातील फरक दर ३.३ मिनिटांनी ३७ टक्क्यांवर येतो. स्वतः करून पाहा : वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा, भागिले गुणांक गुणिले पृष्ठफळ. दुसरे टोक म्हणजे द्रव अजिबात हलत नाही, फक्त वहन होते. त्याच डब्याच्या मध्यबिंदूशी तोच आकडा सुमारे २५ मिनिटे येतो. वहनाचे गृहीत धरून वेळ ठरवला तर सूप शिजून बेचव होते. ढवळल्याचे गृहीत धरले तर चूक धोक्याच्या बाजूला जाते, कारण स्थिर ठेवलेल्या डब्याला कोणीच ढवळत नसते.

प्रत्यक्षात काय होते? भिंतीलगतचा द्रव तापतो, हलका होतो, वर चढतो, झाकणाखाली वळतो आणि मधून खाली येतो. वरचा भाग लवकर गरम होतो आणि थंड द्रव खाली साचतो. म्हणून सर्वांत थंड भाग मध्यबिंदू सोडून तळाकडे सरकतो. उभ्या डब्यासाठीच्या संगणकीय गणितांत तो तळापासून उंचीच्या साधारण १० ते १५ टक्क्यांवर सापडतो. अगदी तळाला मात्र नसतो, कारण तळालाही वाफ लागते. शिवाय तो एक बिंदू नसून सरकत राहणारा पट्टा असतो.

इथे विद्यार्थ्यांची नेहमी गफलत होते. तापमापक मध्यबिंदूत बसवला, तो ११८ दाखवतो, आणि तळाजवळ ११५ आहे असे समजा. फरक फक्त तीन अंशांचा, पण बीजाणू मरण्याचा वेग निम्मा.

हे गणित मांडायला वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. डबा अक्षाभोवती सममित असल्याने त्रिमितीऐवजी त्रिज्या आणि उंची एवढ्याच दिशा पुरतात. बूसिनेस्क यांच्या गृहीतकानुसार घनता उद्धरण बलाच्या पदातच बदलती ठेवतात, बाकी सगळीकडे स्थिर. विष्यंदिता मात्र स्थिर धरू नका, तापताना ती बरीच उतरते.

स्टार्च असेल तर प्रकरण उलटते. सुरुवातीला पातळ असलेले सूप स्टार्च फुगल्यावर दाटते, प्रवाह मंदावतो आणि उरलेले तापणे वहनाने होते. आलेखावर रेषा मध्येच मोडते. ते मोडण्याआधीचा उतार पुढे ओढून प्रक्रियेचा वेळ काढला, तर डबा कच्चा राहतो. एक सीमा अट संगणकाला कळत नाही : रिटॉर्टमधली हवा नीट बाहेर काढली नसेल, तर काही डब्यांभोवती १२१ अंशांची वाफ नसतेच.