टोमॅटोवरची कीड आणि घरचे उपाय

टोमॅटो ही सर्वांच्या आवडीची फळभाजी आहे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटो पुष्कळ पिकतो. नारायणगावच्या बाजारात क्रेटच्या क्रेट येतात. पण टोमॅटो डब्यातही येतो बरं का! माझी मामी मुलुंडला राहते. पाऊस संपला की ती गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत ६ रोपे लावते.

मामीचा बाळू २ वर्षांचा आहे. तो टोमॅटो तोडतो आणि तसाच तोंडात घालतो. म्हणून मामी रोपांवर विषारी औषध मारत नाही. मग किडीचे काय करायचे? मामीला व बाबांना विचारून मी हे लिहिले आहे.

प्रथम कीड ओळखावी.

१) मावा : बारके हिरवे किडे कोवळ्या शेंड्यावर बसून रस पितात. पाण्याचा जोरात फवारा मारला की ते पडतात.

२) पांढरी माशी : पान हलवले की भुर्रकन उडते. ती रोग पसरवते. मग पाने आकसून गोळा होतात. असे रोप बरे होत नाही. ते उपटून टाकावे. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगावा. माशा पिवळ्या रंगाकडे येतात आणि चिकटतात.

३) फळ पोखरणारी अळी : ही डोके टोमॅटोत घालते आणि मागचे अंग बाहेर ठेवते. एक टोमॅटो खाऊन तिचे पोट भरत नाही, ती दुसऱ्यावर जाते. तिला वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे. भोक पडलेली फळेही काढावीत.

४) टुटा अळी : ही पण दक्षिण अमेरिकेतली. आपल्या महाराष्ट्रात ती २०१४ साली सापडली. पानाच्या आत शिरून हिरवा भाग खाते, त्यामुळे पानावर पांढरट चट्टे दिसतात. अशी पाने तोडून पिशवीत बंद करावीत.

निंबोळी अर्क : आमच्याकडे जून-जुलैत निंबोळ्यांचा सडा पडतो. आम्ही बिया धुऊन सावलीत वाळवतो आणि मामीला पिशवी भरून देतो. ५० ग्रॅम बियांचा गर कुटून फडक्यात बांधावा. १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी पिळून, गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे. हा अर्क त्याच दिवशी संध्याकाळी फवारावा, कारण उन्हाने त्याचा गुण कमी होतो. पानांच्या खालच्या बाजूला जरूर मारावा, किडी तिथेच लपतात. ८-१० दिवसांनी पुन्हा फवारावा. फळे धुऊनच खावीत. बाळूला हे सांगून कळत नाही, म्हणून मामी फवारणीआधी पिकलेली फळे काढून घेते.

झेंडू : फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. म्हणून बाबा टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ लावतात. मामीने झेंडूचा १ डबा ठेवला आहे.

सगळेच किडे वाईट नसतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मावा खातो. विषारी औषधाने तोही मरतो. म्हणून मित्रांनो, ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो आपला विनापगारी राखणदार आहे!

— इयत्ता ४ थी